मुकी गाडी

बेटावर मोटारी नव्हत्या. धक्क्यावर उतरलेल्या पाहुण्यांचं सामान हातगाडीवरून जायचं आणि ती ओढण्यातच गाडीवाल्याचा जन्म गेला होता. गाडीचं एक चाक कुरकुरायचं. वळणापलीकडून तो आवाज आला की त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन दारात उभी. तिची नजर कधीचीच गेली होती. पण बेट एवढं शांत, की तिला कानांनी दिसायचं. पाववाल्याची सायकल, शेजारणीच्या सपाता, अगदी भिंतीला अंग घासत जाणारं मांजरसुद्धा.

लेक-जावई या खेपेला तिला शहरात न्यायलाच आले होते. तिथे दवाखाना जवळ, हाताशी बाई. तीही अर्धीअधिक तयार झालेली. ती गेली की गाडीवाल्यालाही जावं लागणार, आणि गाडीविना तो म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. पण तिच्या सुखाच्या आड आपण कशाला यायचं, म्हणून तो मूग गिळून होता.

जावई भारी कामसू. रिकामं बसवेना, तेव्हा सकाळी कुणाला न विचारता त्याने चाकाला तेल घातलं.

दुपारी धुकं उतरलं. गाडी धुक्यातून होडीसारखी तरंगत आली. दारात कुणीच नव्हतं. "आलो गं," म्हणत गाडीवाला आत शिरला, तशी ती दचकली. हात पुढे करून तिने त्याचा चेहरा चाचपला.

"कुठून आलात? मला कळलंच नाही."

जावई ओशाळला. सासरा म्हणाला की बापू, माझी बडबडी गाडी तुम्ही एका सकाळीत मुकी केलीत.

संध्याकाळी लेकीने पुन्हा तिकडच्या हवेशीर खोलीचा विषय काढला. आई बराच वेळ ऐकत राहिली.

"तिकडे सगळंच एकदम वाजतं गं. हे घरी आले की नाही, ते मला कसं कळणार?"

लेकीने आईचा हात मांडीवर घेतला.

लेक-जावई दोघंच परत निघाले, तेव्हा जावयाने बॅगा स्वतःच उचलल्या. सासूबाई धक्क्यापर्यंत मागून चालत आल्या.

"जावईबापू, डाव्या बुटाची टाच झिजलीय तुमच्या."

त्याने थांबून पाय उचलून पाहिला आणि तो हसला. मग होडीत बसताना त्याने बायकोला हळूच विचारलं, की आता आपण इकडे पुन्हा कधी यायचं?