धाब्यावरून दिसलेला धूर

दुष्काळ सरून भरपूर पाऊस झाला, त्या वर्षी मामांच्या गावचं गायरान कमरेइतक्या गवतानं भरून गेलं. ते खायला गुरंच उरली नव्हती. काही दुष्काळात मेली, काही कारंज्याच्या बाजारात विकली गेली. मग असा उन्हाळा तापला की सगळं गवत उभ्या उभ्या वाळलं.

मी सुट्टीला गेले होते. इंग्रजी शाळेत शिकते म्हणून गावात मला सगळे 'मॅडम' म्हणत. माझं बोलणं ऐकून बायका तोंडाला पदर लावत. म्हणून मी बोलतच नसे. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, बसून मामींच्या वाळत घातलेल्या कुरड्या राखायचं काम मी आनंदानं घेतलं होतं. तिथून सगळं दिसायचं आणि कोणाशी बोलावं लागायचं नाही.

त्या दिवशी मामांनी नेहमीसारखा सकाळी, वारा पडलेला असताना, शेताचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, पेटवला. बांधावरची काटेरी झुडपं जाळली की पेरणीआधी वावर मोकळं होतं. दरवर्षी आग बांधाच्या पलीकडे गेली तरी आपोआप विझायची, कारण पलीकडचं गायरान गुरांनी खरडून खाल्लेलं असे. यंदा ते तसं नाही, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

ऊन चढलं, वारा सुटला आणि आग गायरानात शिरली. वारा गायरानापलीकडच्या नाल्याकडे होता, म्हणून गावातले सगळे पुरुष लिंबाच्या ओल्या डहाळ्या घेऊन तिकडे धावले. अलीकडे, गावाच्या कडेला, सगळ्यांच्या कडब्याच्या गंज्या होत्या. मामांच्या नव्या बैलजोडीला पाऊस पडेपर्यंत तेवढाच चारा होता.

मी धूर पाहत होते. नाल्याकडे झुकलेला धूर एकाएकी सरळ उभा राहिला. मग एक वावटळ उठली आणि तो हळूहळू आमच्याकडे वाकला.

"मामी," मी खाली वाकून म्हणाले, "वाऱ्याची दिशा बदलली आहे."

मामी शेजारच्या काकूंसोबत अंगणात शेवया करत होत्या. काकू हसल्या. "काय म्हणून राह्यली वं मॅडम? जरा मोठ्यानं बोल ना!"

धूर आता गंज्यांवरून येत होता. मी कुरड्यांची परात उचलली, कुरड्या तशाच खाली ओतल्या आणि कावळे हाकायच्या काठीनं ती बडवायला लागले. नंतर ओरडले, "मामा! वारा फिरला! गंज्या जळतीन! इकडं या!"

कुरड्यांवरून रागवायला तोंड उघडलेल्या मामींनी आधी मला पाहिलं, मग धूर पाहिला.

"बैलं जुंप वं!" त्या काकूंना म्हणाल्या. "आपले मानसं येईपर्यंत काही उरत नाही."

काकूंनी वखर ओढून आणला. बैल धुरानं बुजत होते. मी धाब्यावरून उतरले आणि त्यांची वेसण धरून पुढे चालले. मागे मामी वखर दाबून धरत होत्या, काकू उरलंसुरलं गवत कोयत्यानं कापून बाजूला फेकत होत्या. गंज्यांच्या पुढून आम्ही काळ्या मातीचा पट्टा काढला, परत वळून आणखी रुंद केला. तोंडावर झळ लागत होती. आग तडतडत आली, मातीपाशी पोहोचली आणि खाली बसली. काही ठिणग्या पलीकडे उडाल्या. त्या नाल्याकडून पळत आलेल्या मामांनी आणि इतरांनी डहाळ्यांनी झोडपून विझवल्या.

एकही गंजी गेली नाही.

मामा धापा टाकत उभे होते. मामींच्या हातातल्या वखराकडे पाहून म्हणाले, "तुले वखर धरनं कुठून आलं?"

"तुमाले पाहू पाहू शिकली," मामी म्हणाल्या. "पेटवाले तुमी, विझवाले आमी!"

सगळे हसले. मीही हसले, मोठ्यानं. संध्याकाळी बैलांपुढे कडबा मीच टाकला. कुरड्या बहुतेक कावळ्यांनी खाल्ल्या होत्या, उरलेल्या मामींनी तळून मलाच वाढल्या.

पुढच्या उन्हाळ्यात धुऱ्यापलीकडचं गवत आधी कापून, वखर फिरवूनच मामांनी काडीपेटी हातात घेतली. तरी त्यांनी वावरातूनच धाब्याकडे हाक मारली.

"मॅडम! पेटवू काय वो?"

मी उभी राहिले, गायरानाकडे पाहिलं. गवताचे शेंडे हलत होते.

"नको!" मी ओरडले. ते सगळ्या गावाला ऐकू गेलं, आणि मामांनी काडीपेटी खिशात ठेवली.