खुशालभाऊ आणि रोह्यांचा कळप

सिमेंटच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पहारा करून खुशाल निमसरकार गावी परतला, तेव्हा त्याच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती आणि बारा बोअरची एकनळी बंदूक. बंदूक त्याच्याच नावावर होती. तिच्यामुळेच त्याला फाटकावरची नोकरी लागली होती. वर्षातून एकदा सरावाला मातीच्या ढिगाऱ्यावर तो गोळ्या झाडायचा, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा, एवढाच तिचा उपयोग. जिवंत काही त्याने मारलं नव्हतं. घरात कोंबडी आणली तरी ती कापायला शेजारच्याला बोलवावं लागे.

त्याचं गाव कोरपन्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी. चार एकर कापूस, मधे तुरीच्या ओळी, शेवटच्या तुकड्यात हरभरा. पहिल्याच हंगामात त्याला कळलं की यातला मोठा वाटा रोह्यांचा. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं दांडगं जनावर. नर निळसर राखाडी, मादी मातकट. सत्तावीस जनावरांचा कळप उजाडता उजाडता नाल्यातून वर यायचा. तुरीचे शेंडे, कपाशीची हिरवी बोंडं खायचा, खायचा त्याच्या दुप्पट तुडवायचा आणि ऊन चढायच्या आत डोंगरातल्या झुडपात शिरायचा. लोकांनी बुजगावणी उभारली, फटाके फोडले, जुन्या लुगड्यांचं कुंपण केलं, तारेला हात लागला की नुसता हिसका देणारी झटका मशीन बसवली. पण झटक्याच्या तारेवर गवत चढलं की तिचा जोर जायचा, आणि ते माणसांच्या आधी रोह्यांना समजायचं.

चितळाला कायद्याने हात लावायची सोय नव्हती. रोही आणि रानडुकरासाठी मात्र वनखात्याकडे अर्ज करता यायचा. वनरक्षकाने येऊन नुकसान पाहायचं, साहेबांनी परवानगी द्यायची आणि परवान्याची बंदूक असलेल्या माणसाने मारायचं. आजूबाजूच्या पाच गावांत अशी बंदूक एकच होती.

एका सकाळी शेजारच्या शेताचे गुणवंतराव कागद घेऊनच अंगणात आले.

"खुशालभाऊ, अर्ज तयार आहे. फक्त तुमचं नाव लिहाचं आहे."

"मी शिकारी नाई, भाऊ."

"इथी कोणीच नाई. पण निशाणा तुमचाच आहे."

खुशालने बायकोकडे पाहिलं. सत्यशीला दर रविवारी विहारात वंदना घ्यायची, लहानथोर तिच्यामागून म्हणायचे. ती सुपातली तूर पाखडत होती.

"तुमचं मन सांगन ते करा," ती म्हणाली. "पण घरी येऊन मले समजावत बसू नका."

त्याने सही केली.

रोह्यांची एक खोड असते, लेंड्या टाकायला ते पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी येतात. नाल्याच्या वरच्या अंगाला तसा ढीग होता. डोंगरावरच्या गुड्यातला, म्हणजे आदिवासी पाड्यातला, इसरू मडावी या कळपाला वर्षानुवर्षं पाहत आला होता. त्याने ती जागा दाखवली. पळसाच्या आडोशाला खुशाल बसला, त्याच्यामागे वनरक्षक माधवी मॅडम हातात परवानगीचा कागद घेऊन. कागदात अटी होत्या. शेताच्या हद्दीतच मारायचं, गाभण किंवा पिल्लू पाजणाऱ्या मादीला मारायचं नाही, मांस कोणी न्यायचं नाही, पंचनामा करून पुरायचं.

मोठा नर चाळीस पावलांवर आला. खुशालने गोळी झाडली. जनावर तीन पावलं चाललं, मग पुढचे पाय दुमडून बसलं, बैल बसतो तसं. जवळ गेला तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते आणि पापण्यांवर दव होतं.

जेसीबीने खड्डा खणला. मीठ टाकलं, चुना टाकला. माधवीने फोटो घेतले, पंचांच्या सह्या झाल्या. इसरू कडेला उभा राहून सगळं पाहत होता.

"आमचे बुढे मारत होते तं सगळा गुडा जेवत होता," तो म्हणाला. "हे मारलं आन् कोणाच्या पोटातच नाई गेलं."

"नियम तसा आहे, इसरूभाऊ," माधवी म्हणाली. "एकदा खायला दिलं, की लोक पिकासाठी नाही, ताटासाठी अर्ज करतील."

इसरूला ते पटलं की नाही कळलं नाही. तो मातीचं ढेकूळ पायाने खड्ड्यात लोटून निघून गेला.

त्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना, प्राण्याची हत्या न करण्याच्या पहिल्या प्रतिज्ञेला खुशालचा आवाज निघाला नाही. पुढच्या चारही तो मोठ्याने बोलला. सत्यशीला समोर बसून म्हणवून घेत होती, तिच्या ते लक्षात आलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "पहिलं शील नाई म्हटलं ते बरं केलं. खोटं बोललं असतं तं दोन मोडले असते."

त्या हंगामात त्याने आणखी तीन नर मारले. मादीवर तो नळी रोखतच नसे. गाव खूश होतं. पण कळप तसाच यायचा, फक्त वेळ बदलून.

मग पौषातल्या एका धुक्याच्या सकाळी चूक झाली. धुक्यात राखाडी दिसलं ते अंग नराचं नव्हतं. गोळी पोटात बसली आणि जनावर नाल्याकडे धावलं. जखमी जनावर तसंच सोडायचं नव्हतं. खुशाल, इसरू आणि माधवी रक्ताच्या मागावर निघाले. दगडावर एक थेंब, मग बरंच काही नाही, मग गवताच्या काडीवर पुसल्यासारखं. इसरू वाकून चालायचा, कुठे थांबला की हात वर करायचा. दुपार झाली तेव्हा ती करवंदीच्या जाळीत सापडली, मान उचलून त्यांच्याकडे पाहत. खुशालने जवळून दुसरी गोळी घातली. 

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तपासणीसाठी पोट उघडलं. आत दोन पिल्लं होती, केस फुटलेली.

खुशालने बंदूक साफ केली, तेल लावलं, पेटीत घातली. गुणवंतराव आठवड्याने आले तेव्हा त्याने हात जोडले.

"आता नाई, भाऊ. दुसरा कोणी पाहा."

"दुसरा आहे कोण?"

"ते मले माहीत नाई."

पुढच्या वर्षी कळप एकतीसचा झाला. खुशाल स्वतःच्या चार एकरांत सकाळ-संध्याकाळ डबा बडवत फिरायचा. त्याच्या शेतातून उठलेला कळप गुणवंतरावांच्या शेतात जायचा. हे त्याला दिसत होतं. गुणवंतराव त्याच्याशी बोलेनासे झाले.

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीच्या बाया सकाळी लवकर निघायच्या. त्यांत रंजीता नावाची एक होती, नवऱ्याच्या मागे दोन मुली वाढवणारी, सगळ्यांत चपळ हात तिचे. त्या दिवशी ती जवळच्या वाटेने गुणवंतरावांच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने चालली होती. तिथे गवतात एक तार होती. झटक्याची नव्हे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून सरळ आणलेला करंट होता. बांधावर चढताना तिने आधाराला हात टेकला, तो तारेवरच.

ओरडणं ऐकून खुशाल धावला. त्याने आधी पेटीकडे जाऊन फ्यूज ओढला, मग तिला उचललं. तिचा उजवा तळवा काळा पडला होता. गुणवंतराव पायात चप्पल नसताना धावत आले आणि बांधावरच बसले.

"सकाळी बंद करत असतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रोज बंद करतो. आज विसरलो."

रंजीता वाचली. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिची तीन बोटं काढावी लागली. गुणवंतरावांवर गुन्हा दाखल झाला, ते जामिनावर सुटले. तिच्या दवाखान्याचं सगळं त्यांनी केलं, पण गावात मान वर करून चालणं त्यांचं संपलं.

खुशाल सत्यशीलेला घेऊन दवाखान्यात गेला. रंजीता उशीला टेकून बसली होती, हात पांढऱ्या पट्टीत.

"जयभीम, भाऊ. बसा."

तो बसला.  रंजीता म्हणाली, "मले रोह्यांचा राग नाई. जनावर आहे, खाईनच. गुणवंतभाऊचा राग आहे, तो राहीनच. तुमचा बी थोडा आहे."

सत्यशीला काही बोलणार होती, खुशालने तिला हाताने थांबवलं.

"काऊन, ते सांग."

"तुमी बंदूक ठेवली. तुमचं मन साफ झालं. पण कोणी तरी काई तरी करनच होतं. तुमी करत होते तं कागद होता, मॅडम होती, उजेड होता. मंग तार आली."

परतीच्या बसमध्ये खुशाल खिडकीबाहेर पाहत राहिला. राजुऱ्याला बस थांबली तेव्हा सत्यशीला म्हणाली, "तिचं बोलणं खोटं नाई." 

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेला. आपण नरच मारत होतो, तरी कळप का वाढला, हे त्याला विचारायचं होतं.

"एक नर गेला की दुसरा त्याची जागा घेतो," डॉक्टर म्हणाले. "पिल्लं तेवढीच होतात. संख्या आवरायची असेल तर माद्या कमी कराव्या लागतात. ऐकायला वाईट आहे, पण खरं ते हेच."

"मंग मी मारलेले चार फुकट गेले?"

डॉक्टरांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"त्यातल्या त्यात कमी वाईट दिवस कोणते?" खुशालने विचारलं.

"हरभरा काढायच्या आधीचे. तोवर यंदाची पिल्लं बहुतेक चरायला लागलेली असतात, पोटातलं असलं तर लहान असतं. पण नसतंच असं मी लिहून देणार नाही."

खुशाल गावी आला आणि माधवीला घेऊन ग्रामसभेत उभा राहिला. बोलायची त्याला सवय नव्हती. बंदूक काढीन, म्हणाला, पण ज्याच्या शेतात करंटची तार दिसेल त्याच्या अर्जावर माझं नाव नाही. या वर्षी सहा माद्या, इसरू दाखवील त्याच, कोरड्या आणि पिल्लू सुटलेल्या. धुकं असेल तर नाही. आणि नाल्याच्या कडेने सगळ्यांनी मिळून जाळीचं कुंपण करायचं, डोंगराकडची वाट त्यांना मोकळी ठेवून. नाही तर मी मारत राहीन आणि ते येत राहतील.

"सहाच काऊन?" मागून कोणी विचारलं.

"मले सात झेपणार नाई."

 कुंपणासाठी पहिली जागा गुणवंतरावांनी दिली, धुऱ्याची दोन हात पट्टी, न विचारता.

सहा व्हायला सोळा दिवस लागले. कित्येक सकाळी तो नुसता बसून परत आला. इसरूने मान हलवली की नळी खाली. एकदा मादी अगदी सरळ उभी होती, पण इसरू कुजबुजला, "दुधाची आहे," आणि ती तुरीत निघून गेली. प्रत्येक वेळी खुशालने तीस पावलांच्या आतच गोळी झाडली. एकीलाही दुसरी लागली नाही. सहापैकी दोघींच्या पोटात मुठीएवढा गर्भ निघाला. डॉक्टरांनी ते त्याला सांगितलं, कारण त्याने विचारलं होतं.

शेवटच्या दिवशी सत्यशीला डोक्यावर पाण्याची घागर घेऊन खड्ड्यापाशी आली. आजवर ती कधी आली नव्हती. तिने सगळ्यांना पाणी दिलं, खुशालच्या हातांवर ओतलं, आणि माती लोटून होईपर्यंत उभी राहिली.

कुंपण पावसाआधी पुरं झालं. दोन ठिकाणी रानडुकरांनी खालून उकरलं, तिथे दगड लावले. त्या दिवाळीला तुरीचे शेंडे बऱ्यापैकी शाबूत राहिले, सगळे नाही. कुंपणाची देखरेख ग्रामपंचायतीने रंजीताला दिली. रोज सकाळी ती नाल्याच्या कडेने चालत जाते, डाव्या हाताने जाळी हलवून पाहते, कुठे ढिली वाटली की माणसं बोलावते. वेचणीलाही ती जाते, पूर्वीपेक्षा निम्माच कापूस वेचून होतो.

खुशाल अजून कधी रविवारी विहारात जातो, कधी नाही. परवा तो आणि इसरू टेकाडावर बसून मोजत होते. कळप पलीकडच्या उतारावर होता, उन्हात पाठी चमकत होत्या. मोठे तेवीस, पिल्लं पाच.

"अवंदा दोन-तीन काढा लागन," इसरू म्हणाला.

"आधी हरभरा तर येऊ दे," खुशाल म्हणाला. मग त्याने पुन्हा एकदा मोजायला सुरुवात केली, कारण एक पिल्लू आईच्या पोटाआड असल्यासारखं त्याला वाटलं होतं.