जिपारचे सात बाप

किरगीझस्तानातल्या आमच्या कोचकोर गावच्या पुरुषांना आपल्या घोड्याचा पणजा तोंडपाठ असतो. बायकोचा जन्मदिवस विचारा, आढ्याकडे बघत बसतील. असल्या माणसांची घोडी अडली की जिपार लागते. ती इथली गुरांची डॉक्टर, आणि मी तिच्या दवाखान्यात जनावरांचे पाय धरणारी. वीस वर्षं झाली. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

जिपारचा रंग सावळ्याच्याही पुढचा, केस दाट कुरळे. बाजारात नवं माणूस तिच्याशी रशियनमध्ये बोलायला जातं. “कुठल्या देशाची गं तू?”

“कोचकोरची. वरच्या आळीची,” ही खणखणीत किरगीझमध्ये सांगते. “तुम्ही कुठले? चेहऱ्यावरून कळत नाही.”

तिचा बाप युसुफ सोमालियाचा. फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, पशुवैद्यकी शिकायला आला होता. जिपारची आई तुर्सुन तिथेच शिकत होती. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात सोमालियाचं आणि सोव्हिएतचं फाटलं, ती सगळी मुलं आठवड्यात विमानात बसली. तुर्सुनला तेव्हा पाचवा महिना. ती पोट घेऊन कोचकोरला आली, आणि तिच्या वडिलांनी, सुयुन आजोबांनी, तिला एका शब्दाने विचारलं नाही. जिपारच्या जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात त्यांनी आपलं नाव घातलं. नातवंडं आपली म्हणून वाढवायची आमची रीतच आहे.

पाच वर्षांच्या जिपारला पुढ्यात घेऊन ते घोडीवरून निघायचे आणि सात पिढ्या पाठ करून घ्यायचे. सुयुन, चोनोय, तेकेश, बायमिर्झा, असिल, कोजोमुरात, सारी. पोर एक नाव चुकली की घोडी थांबायची. सात बाप ज्याला ठाऊक नाहीत तो गुलाम, असं आमच्यात म्हणतात. सुयुन आजोबांना ही म्हण त्या पोरीच्या जवळपास फिरकू द्यायची नव्हती.

ते गेले, आणि चार वर्षांनी ती म्हण दारातून आत आली. नारीनच्या मेलिसचं आणि जिपारचं जमलं होतं. त्याच्या आईने सोयरीक ठरल्याच्या रीतीप्रमाणे जिपारच्या कानात चांदीचे डूल घातले. मी चहा देत होते. मेलिसचा इथेच कोचकोरला राहणारा काका ओरोझबाय वडीलकीच्या जागी बसला होता, दाढीला तूप लागलेलं. तो म्हणाला, “सुनबाई, सात पिढ्या सांगा बघू.”

जिपारने सांगितल्या. एका दमात.

“छान. पण हे तुझ्या आईचे बाप झाले. तुझे सांग.”

तुर्सुन काकूंनी हातातली चहाची वाटी खाली ठेवली.

“शिंगरू घेतानासुद्धा त्याचा बाप कोण ते विचारतो आम्ही,” ओरोझबाय हसत म्हणाला. “रागावू नकोस हो. आमची नातवंडं उद्या कोणाची म्हणवतील?”

आणि मेलिस? खाली बघून तळलेल्या बोरसोकचा तुकडा कुस्करत होता. बाप काढला तिचा, चारचौघांत काढला, आणि या बहाद्दराच्या तोंडातून हूं की चूं नाही! आजही तो रस्त्यात दिसला की माझ्या हाताला खाज सुटते.

जिपारने डूल काढले, ओरोझबायच्या चहात टाकले. “प्या,” म्हणाली. “आणि निघा.”

त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला: बापाकडची सात नावं. पुन्हा कोणाची गुलाम म्हणायची छाती होऊ नये. तिने बापाच्या त्या कॉलेजला पत्रं घातली. आम्ही दोघी बिश्केकला गेलो, तर कॉलेजच्या कचेरीतली, खिडकीमागची बाई म्हणते, “असे काळे ढिगाने आले होते, कोण लक्षात ठेवणार?” मी तिची खिडकी फोडणार होते. जिपारनेच मला बाहेर ओढलं.

अठरा वर्षं गेली. मग युसुफच्या वर्गातला एक म्हातारा डॉक्टर सापडला. तो म्हणाला, युसुफ जिवंत आहे, तिकडे हार्गेसा शहरात असतो. आम्ही त्या डॉक्टरला बजावलं होतं, युसुफला फक्त ‘तुर्सुनची मुलगी’ एवढंच सांगा.

एका दुपारी दवाखान्यातच फोन लागला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा माणूस. कपाळ अगदी जिपारचं. गंजलेल्या रशियनमध्ये म्हणाला, “जिपार? माझी जिपार?” आणि रडायला लागला. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

जिपार रडली नाही. “माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुझ्या आजोबांनी. तू झालीस तेव्हा पत्र आलं होतं. मुलगी झाली, नाव जिपार ठेवलंय. तुमच्या सात पिढ्यांची नावं कळवा, आम्ही तिला शिकवू.”

“आणि?”

“माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. मग युद्ध... काय लिहिणार होतो मी, बेटा?”

“सात नावं.”

त्याने दाढीवरून हात फिरवला.

“आता सांगा.”

त्याने सांगितली. डोळे मिटून, सुरात. युसुफ, वारसामे, गुलेद, एलमी, रोबले, सामतर, फारा, आणि पुढे पार विसाव्यापर्यंत. त्यांच्यातही पोराला बोलता आलं की हेच शिकवतात. “माझ्या आठही मुलांना पाठ आहेत,” म्हणाला, अभिमानाने! जिपारने सात लिहून घेतली आणि फोन ठेवला. मग समोरच्या गाईला सुई टोचली. हात जरासुद्धा हलला नाही. अर्धं पोस्टकार्ड लागलं असतं त्या माणसाला, अर्धं!

गेल्या वसंतात ओरोझबायची घोडी अडली. म्हातारा काठी टेकत स्वतः आला. जिपारने खांद्यापर्यंत हात घालून शिंगरू वळवलं, बाहेर ओढलं, जिवंत. तबेल्यात दहा-बारा माणसं जमली होती. ओरोझबाय मोठेपणाने म्हणाला, “ऐकलं, तुझा बाप सापडला. चला, बरं झालं. आता सांग तुझे सात बाप, सगळ्यांसमोर सांग.”

जिपारने हात पुसले. “सुयुन, चोनोय, तेकेश, बायमिर्झा, असिल, कोजोमुरात, सारी.”

“हे परत तेच! त्या सोमालियावाल्याची नावं नाही मिळाली का?”

“मिळाली ना. सातही पाठ आहेत,” जिपार म्हणाली. “पण तुम्ही बाप विचारलेत.”