पंचनदराव आणि लग्नांचा इन्स्पेक्टर

पंचनदराव लग्नाला गेले की नवरानवरीसमोर कधी बसत नसत. जेवणाच्या हॉलमध्ये, वाढपी ज्या दारातून ये-जा करतात त्या दाराशी ते खुर्ची ओढून घेत आणि हातात कॉफीचा टंबलर धरून बसून राहत. तिकडं मुहूर्त लागो, अक्षता पडोत, हे आपले तिथंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस भुकेला आहे. विचारलं तर म्हणाले, "बाई, नवरानवरी सगळेच पाहतात. मी तक्रारी पाहतों. लग्नांत खरें काय चाललें अहे, तें तक्रारींतच कळतें."

मी मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी तंजावूरला आले आणि तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. पंचनदराव त्याच विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. पूर्वज कोण्या काळी महाराष्ट्रातून तिकडं गेले ते तिकडचेच झाले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं बोलणं मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "चांगलें बोलतां. पण तुमचें मराठी फार नवें अहे." मिरजेच्या माणसानं हे तंजावुरात ऐकून घ्यायचं! मी घेतलं, कारण म्हणण्यात तथ्य होतं.

पंचनदराव इंग्रजीत विनोदी कादंबऱ्या लिहितात हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या वाचल्या कोणीच नव्हत्या. इंग्रजीच का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "मराठी आम्हांला बोलाला येतें, वाचाला येत नाहीं. तमिळ वाचाला येतें, पण तमिळांत लिहिलें तर शेजारी वाचतात, आणि शेजाऱ्यांशीं रोज काम अहे. इंग्रजी आमच्यांत कोणाचीच आजी नव्हे. तिच्यापुढें कांहींही बोललें तर चालतें."

त्यांची लिहिण्याची रीत और होती. प्रकरण लिहून झालं की ते स्वयंपाकघरात जात आणि अंबूबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते मराठीत सांगत. अंबूबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण पंचनदरावांच्या मते सगळ्या मद्रास इलाख्यात त्यांच्याइतका जाणकार संपादक नव्हता. त्या "बरें अहे" म्हणाल्या की प्रकरण केराच्या टोपलीत जायचं. "शी, असें लिहूं नये!" म्हणाल्या की ते कायम व्हायचं.

'द वेडिंग इन्स्पेक्टर' ही त्यांची सर्वांत चांगली कादंबरी. चेन्नईच्या एका छोट्या प्रकाशकानं ती काढली आणि लवकरच स्वतःचं दुकान बंद केलं. गावातल्या पुस्तकवाल्यानं नाव वाचून ती पोलीस भरतीच्या गाइडांमध्ये लावली. तिथं ती बरी खपली. "एक उमेदवार पासही झाला म्हणे," पंचनदराव सांगत, "माझ्या लिहिण्यानें कोणाचें तरी बरें झालें." एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की भाषा सुबोध असून लग्नाचं नियोजन करणाऱ्यांना हे पुस्तक उपयोगी पडेल. हेही ते हसत सांगत. मी मात्र ती कादंबरी पापनाशमच्या बसमध्ये वाचली आणि अशी हसत सुटले की कंडक्टर येऊन विचारून गेला, अम्मा, उतरायचं आहे का? मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही देशावरच्या, बाई. आमचें कोणी हंसलेलें मला एकदां ऐकाला पाहिजे. चुम्मा, एकदांच." चुम्मा म्हणजे उगीच, सहज. पण त्यांनी ते सहज म्हटलं नव्हतं.

त्या कादंबरीतला इन्स्पेक्टर हा कुठल्याच खात्याचा नाही. पांढऱ्या मिशांचा, काखेत छत्री असलेला एक गृहस्थ लग्नोलग्नी जाऊन सांबार तपासतो. पहिल्यांदा वाढून घेतो तपासणीसाठी. दुसऱ्यांदा, आचाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून. तिसऱ्यांदा, घाईनं मत देणं बरं नव्हे म्हणून. मग पान दुमडून गंभीरपणे सांगतो, "कांहीं तरी कमी अहे." काय कमी आहे, हे विचारायची कोणाची छाती होत नाही, आणि वधूपिता आयुष्यभर त्या एका वाक्यावर झुरतो. असा एक माणूस पंचनदरावांनी कधीकाळी पापनाशमच्या एका लग्नात दाराशी बसून पाहिला होता. तो कोण, कुठला, काही माहीत नव्हतं.

आणि मग त्यांच्या मुलीचं, मालतीचं, लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, वडील लहानपणीच गेलेले, काका सुब्बरावांनी वाढवलेला. साखरपुडा झाला, मंडप ठरला, आणि लग्न अगदी तोंडावर आलेलं असताना मुलाच्या चेन्नईच्या बहिणीला ती कादंबरी कुठंतरी सापडली. तिनं सांबाराचं प्रकरण कौतुकानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सुब्बरावांनी ते वाचलं. पांढऱ्या मिशा त्यांच्याच होत्या, छत्रीही त्यांचीच; इतक्या वर्षांनी पंचनदरावांना ते ओळखू आले नव्हते, इतकंच.

निरोप आला तो असा: पंचनदरावांनी सगळ्यांसमोर माफी मागावी आणि पुस्तक मागं घेतो असं जाहीर करावं. नाही तर सुब्बराव मुहूर्ताला उभे राहणार नाहीत. काका नाहीत तर मुलगाही नाही.

कॉलेजात त्या दिवशी पंचनदरावांचा चेहरा उतरलेला होता. "आमची मंडळी किती थोडी अहे पाहा," ते म्हणाले. "कोणाचीही चेष्टा करा, ती सोयऱ्यालाच लागते." मी तावातावानं म्हटलं की माफी मुळीच मागू नका, तुम्ही कोणाचं नाव घेतलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "पुस्तक दुसरें लिहीन, बाई. मुलगी दुसरी कोठून आणूं?" इतक्या वर्षांत ज्या माणसाला कोणी वाचलं नव्हतं, त्याला वाचणारा पहिला सोयरा हा असा निघावा, याचा मला फार राग आला होता.

तोड काढली ती अंबूबाईंनी. त्यांनी कुंभकोणमला फोन केला आणि गोड आवाजात सांगितलं, "माफी मागतात. नलंगुला मागतात. सगळीं त्याच वेळीं असतात."

नलंगु म्हणजे तिकडच्या लग्नातला खेळ. नवरानवरीला चटईवर समोरासमोर बसवतात, ती एकमेकांकडं नारळ घरंगळवतात, आणि दोन्हीकडच्या बायका गाणी म्हणून समोरच्या घराची यथेच्छ टिंगल करतात. नवऱ्याच्या आईपासून आजोबांच्या टकलापर्यंत काही सुटत नाही. त्याचा एकच नियम: नलंगुत जो रागावला त्याची शोभा झाली. हल्ली सोयीसाठी हा खेळ लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच उरकतात. सुब्बरावांनी होकार दिला तेव्हा त्यांच्या हे लक्षात आलं नसावं.

संध्याकाळी हॉल भरला. गाणी झाली, नारळ घरंगळले. सुब्बराव पहिल्या रांगेत, छत्री मांडीवर घेऊन बसले होते. पंचनदराव हात जोडून उठले, तोच अंबूबाई पुढं आल्या. "थांबा. माफी कशाची मागतात तें लोकांस कळूं नये काय? आधीं तें वाचा. मराठींत सांगा, जसें मला सांगतां तसें." आणि त्यांनी पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं.

पंचनदरावांनी चष्मा पुसला. त्यांनी वाचायला, म्हणजे वाचून मराठीत सांगायला, सुरुवात केली. पहिली वाढ. हॉल गप्प. दुसरी वाढ. कोणीतरी खोकलं. मालतीनं डोळे मिटून घेतले होते. मी साडीचा पदर मुठीत आवळून धरला होता. तिसरी वाढ आली, "घाईनें मत देणें बरें नव्हे म्हणून," आणि बायकांच्या घोळक्यातून एक हसू फुटलं. सुब्बरावांच्या पत्नी! त्या डोळे पुसत व्याह्यांना ओरडून म्हणाल्या, "चौथें राहिलें, संबंधी! घरीं येऊन रसमभातावर पुन्हां सांबार मागतात!"

मग बांध फुटला. आचारी दारात येऊन हसत होते, नवरदेव चटईवर आडवा झाला होता, म्हाताऱ्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. सुब्बराव उठून उभे राहिले. हसू विझत गेलं. पंचनदरावांनी पुस्तक मिटलं, हात जोडले आणि म्हणाले, "संबंधी, मला क्षमा..."

"तें राहूं द्या," सुब्बराव म्हणाले. "पापनाशमचें लग्न ना तें? त्या सांबारांत खरेंच कमी होतें! धने भाजलेले नव्हते, पा! तें का लिहिलें नाहीं तुम्ही?" त्यांच्या आवाजात राग होता, पण तो सगळा आचाऱ्यावर होता. "मी कारणाशिवाय बोलणारा माणूस नव्हे. पुढें वाचा."

"प्रकरण संपलें," पंचनदराव कसंबसं म्हणाले.

"मग दुसरें वाचा. पुस्तकांत एकच प्रकरण असतें काय?"

त्या संध्याकाळी राहिलेली गाणी कोणी म्हटलीच नाहीत. पंचनदराव वाचत गेले आणि दोन्ही घरं हसत गेली. मधेमधे कोणी ना कोणी ओरडायचं, हा आमचा मामा! ही आमची आत्या! ज्यांचं काहीच आलं नाही ते जरा हिरमुसले. पुस्तक मागं घ्यायचं कोणाला आठवलंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसण्याचं होतं की कशाचं, मी पाहत बसले नाही.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला सुब्बराव सर्वांच्या आधी हजर होते. मुलीच्या बापानं तिकडंही आपल्यासारखंच हात जोडून, कमरेत वाकून, या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडं धावायचं असतं. पण जेवणाच्या हॉलमध्ये मी पाहिलं तर पंचनदराव आपल्या खुर्चीत बसलेले होते, वरपक्षाची माणसं त्यांच्याभोवती उभी होती, आणि जो तो आपली तक्रार त्यांना आधी सांगायला धडपडत होता. मुलीच्या बापाला इतक्या ताठ मानेनं बसलेलं मी कुठल्याच लग्नात पाहिलेलं नाही.