झोपाळ्याला टांगलेलं इंजिन

जगात कुणावरही विश्वास टाकतील, पण जॅकवर टाकणार नाहीत, असे गृहस्थ मला आयुष्यात एकच भेटले: चंडीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका. मूळचे सांगलीचे, नोकरी केंद्र सरकारची, मूलबाळ नाही, काकू वारलेल्या. दाराशी एक म्हातारी काळी मोटार. सत्तरच्या दशकातल्या माझ्या तिथल्या मुक्कामात ती मी चालताना क्वचित आणि उघडलेली नेहमी पाहिली. गाडीखाली शिरायचं म्हटलं की काकांची मांडामांड सत्यनारायणाच्या वर जायची. चाकांखाली ओंडके हवेत, विटा वर्ज्य. "वीट फुटताना आधी कळवत नाही," असं ते मला दर रविवारी नव्यानं सांगत. ज्या रबरांवर इंजिन बसतं ती बदलायची वेळ आली, तेव्हा मार्केटातला मिस्त्री खालून जॅक लावायला सांगत म्हणाला, "ओ बाऊजी, थल्ले जैक ला दो, पंज मिंट दा कम्म ए!" काकांनी त्याला सांगलीच्या हिंदीत सुनावलं, "जैक उठाने के वास्ते होता है, सम्हालने के वास्ते नहीं!" मिस्त्री हात जोडून निघून गेला.

मग काकांनी गाडीच्या दोन्ही अंगांना लाकडी घोडे उभे केले, त्यांवर आडवी तुळई टाकली आणि तिला इंजिन टांगलं ते चक्क झोपाळ्याच्या कड्यांनी. काकूंनी तो झोपाळा हौसेनं सांगलीहून आणला होता. पण सरकारी स्लॅबला हुक मारायची परवानगी ऑफिसनं दिली नाही, आणि काकू त्याच्यावर एकदाही न बसता गेल्या. "चार माणसं पेलायच्या कड्या या, इंजिनाचं काय घेऊन बसलात!" असं म्हणत काका त्या पुसायचे, आणि जरा जास्तच वेळ पुसत राहायचे. रिटायर झालं की याच गाडीतून झोपाळा सांगलीला न्यायचा आणि घरच्या सोप्यात टांगायचा, एवढा एकच बेत त्यांच्याकडे शिल्लक होता.

त्यांचा सगळ्यात कडक नियम मात्र माणसाचा होता. गाडीखाली एकट्यानं जायचं नाही. शेजारी खुर्चीवर कुणीतरी बसायला हवं, नजर कड्यांवर हवी, आणि त्यानं बोलत राहायला हवं, म्हणजे तो जागा आहे हे खाली कळतं. पूर्वी तिथं काकू मटार सोलत बसायच्या. त्यांच्यानंतर ती खुर्ची माझ्याकडे आली. थंडीतल्या कोवळ्या उन्हात एकदा माझे विषय संपले, तेव्हा मी पाढे म्हणायला लागलो. एकोणतिसाच्या पाढ्यात घसरलो तर गाडीखालून आवाज आला, "चुकलात, मागे घ्या." शेजारच्या सरदारजींचा काकांवर फार जीव. लस्सीचा ग्लास घेऊन ते स्वतःहून खुर्चीवर बसायला आले, तर काकांनी लस्सी घेतली आणि माणूस परत पाठवला. मला म्हणाले, "अहो, ऐन वेळी ते 'भागो जी' ओरडले तर कोण भागतंय ते मी विचारत बसेन. 'सरका' ऐकलं की पाय आपोआप हलतात."

इंजिन टांगलेलं, नवी रबरं यायची होती, आणि मध्येच माझी बदली झाली. आमचं सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा काका कड्यांना तेल घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

काही वर्षांनी ऑफिसच्या कामाला चंडीगडला गेलो तर गाडी तिथंच, ताडपत्रीखाली. इंजिन अजून लोंबकळत होतं, खुर्ची जागेवर होती. "रबरं आली नाहीत?" मी विचारलं. "केव्हाच आली. बसायला माणूस कुठाय?" दोन महिन्यांत ते रिटायर होणार होते. मी खुर्ची ओढली. "बोला," म्हणत काका खाली सरकले. मी बदलीचं बोललो, मुलांचं बोललो, शेवटी एकोणतिसाचा पाढा म्हटला, या वेळी न चुकता. खालून कुणी टोकलं नाही, नुसतं "हं, हं" येत राहिलं. दुपार कलताना बोल्ट आवळले गेले, कड्या सैल पडल्या. काका बाहेर आले आणि त्यांनी चावी फिरवली. गाडी खोकली आणि चालू झाली. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "काका, आता सांगली!"

काकांनी इंजिन बंद केलं. सैल पडलेली कडी हातात घेऊन ते म्हणाले, "तिथं तरी खुर्चीवर कोण बसणार आहे हो?" मी घड्याळात पाहिलं. माझी आगगाडी संध्याकाळची होती. फाटकातून वळून पाहिलं, तर काका तुळईपाशी उभे राहून कड्या पुन्हा ताणत होते. इंजिनाला आता त्या कड्यांची काही गरज नव्हती.