दोन जास्तीची ताटं

येडगाव सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या पिशवीत स्टीलची दोन जास्तीची ताटं कोंबली. नवऱ्याला चिंचवडला नोकरी लागली होती, जाणार होतो दोघंच. मी म्हटलं, चार ताटं कशाला, ओझं होतंय.

"तुमी दोघं जेवाल. दारात येईल त्याला काय हातावर वाढशील?"

एसटी आली आणि वाद तिथंच संपला.

तुम्ही भावंडं तिकडंच राहिलात, आईची रीत तुम्हाला माहीत आहे. धाकट्यांना आठवत नसेल म्हणून लिहिते. आपलं घर ख्रिस्ती. रविवारची उपासना झाली की आई ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवरून, कोप्यांवरून, कुणाला तरी जेवायला घेऊन यायची. नाव, गाव, जात सगळं जेवण झाल्यावर. कुणी आपल्या हातचं खायला कचरलं तर ती रागवायची नाही. पीठ, तवा, सरपण पुढं ठेवायची. "तुज्या हातानं कर बाई. पण आमच्यासंगं बसून खा." मग अंगणात एकच पंगत, त्यांच्या भाकरी त्यांच्या, आपल्या आपल्या. कुणी शिजवलं याबद्दल ती ऐकून घ्यायची, सोबत बसण्याबद्दल नाही. "प्रभूनं पंगतीतून कुणाला उठवलं न्हाई," एवढंच तिचं धर्मशास्त्र.

आता आम्ही सातव्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मुलगी होस्टेलवर असते. रविवारी चर्चहून आलो की सोसायटीचे जिने झाडणाऱ्या पारूबाई आमच्या टेबलावर जेवायच्या. मध्यंतरी सेक्रेटरींचा फोन आला. स्टाफनं लिफ्ट वापरायची नाही, फ्लॅटमध्ये बसायचं नाही.

"मॅडम, दान करायचं तर डबा खाली पाठवा. आमची हरकत नाही."

"दान नाही हो. पाहुण्या आहेत त्या माझ्या."

"मग घरमालकांशी बोलावं लागेल."

"बोला."

माझं काय, फार तर घर जाईल. पारूबाईंचं काम जायला नको. म्हणून त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "वर यायला बंदी हाय ना? मग पार्किंगमदी चटई टाका की, ताई. वारं बी लागंल."

तेव्हापासून रविवारी नवरा पातेलं घेऊन जिन्यानं उतरतो. आमच्या स्कूटरशेजारी चटई, प्रार्थना, मग जेवण. परवा सेक्रेटरींची गाडी आत आली तर पारूबाई म्हणाल्या, "या साहेब, बसा. मटण हाय." त्यांनी काच वर केली.

घरमालकानं करार वाढवायला नकार दिला आहे. दिवाळीनंतर दुसरी जागा बघू. येडगावला घर आहेच, पण मला रडत तिकडं परतायचं नाही. माझं घर पिशवीत मावतं. आईची ती दोन ताटं जिथं मांडता येतील, ते घर.

तोवर इथंच मांडते. एक पारूबाईंचं. दुसरं दर रविवारी सेक्रेटरींसाठी.