बादलीतले चौदा निवटे

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांच्या खाली "तारीख लिहा, वेळ लिहा, अंधारात काय दिसणार" अशा प्रतिक्रिया मीच टाकल्यात. वय ५६. सत्तावीस वर्षं एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये काढली. मोजल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही सवय. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना थोडं अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला राहतो. तिसरा मजला. खाडी घरातून दिसत नाही, मधे सहा-सात बिल्डिंगा आहेत. मोबाईलच्या नकाशावर सरळ अंतर नऊशे मीटर, उत्तरेला.

मुलगी केतकी बाळंतपणासाठी आली होती. सातवा संपत आलेला. पोटात काही ठरत नव्हतं, आणि डोहाळे काय तर निवटे! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा, पाण्याबाहेरही जगतो. नाक्यावर हिराबाई म्हणून जुन्या गावातल्या एक मावशी जिवंत निवटे विकायच्या. त्यांचा नवरा, दामा, ओहोटीला चिखलात उतरून हाताने पकडायचा.

पहिल्या खेपेला आणलेल्या निवट्यांच्या कालवणाला रॉकेलसारखा वास आला. मी आणि बायकोने ताट बाजूला केलं. केतकी मात्र तोपर्यंत सगळं जेवली होती. वरच्या बाजूने खाडीत केमिकलचं पाणी सोडतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. तरी आणले मीच. ते माझ्या डोक्यातून जाईना. पोटातल्या बाळाला काही झालं तर?

आठवड्याने केतकीने पुन्हा निवटेच मागितले. मी हिराबाईंना वासाचं बोललो. त्या रागावल्या नाहीत.

"भाऊ, दोन दिस गोड्या पान्यात ठेव. सकाल-संध्याकाल पानी बदल. वास न्हाय ऱ्हात."

खाडीकाठच्या घरांत हीच पद्धत आहे. पूर्वी चिखलाचा वास घालवायला करायचे, आता केमिकलचा घालवायला करतात. चिखल धुतला जातो म्हणून केमिकलही जाईल – ही समजूत चुकीची असणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. तरी मी मोजून चौदा निवटे घेतले, निळ्या बादलीत नळाचं पाणी भरलं, उड्या मारतात म्हणून वर चाळण ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी बदललं. मी हुंगलं, बायकोनेही हुंगलं. वास अजिबात नाही. ती लगेच शिजवायला निघाली. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस तास संध्याकाळी सहाला होतात.

"अहो, निवटे आहेत ते, एफडी नाही. मुदत कसली बघताय?"

केतकी हसली. मी ऐकलं नाही.

दुपारी ३:४० ला केतकीने हाक मारली. "बाबा, इकडे या ना जरा. हे बघा काय करतायत."

चौदाही निवटे पाण्याबाहेर येऊन बादलीच्या एकाच बाजूला चिकटले होते. सगळ्यांची तोंडं एकीकडे. निवटे भिंतीला चिकटतात, त्यात नवल नाही. मी बादली अर्धी फिरवली. पाच मिनिटांत सगळे पुन्हा त्याच बाजूला. उजेडामुळे असेल म्हणून बादली बाथरूममध्ये नेली, तिथे खिडकी नाही. तरी तेच. मोबाईलचं होकायंत्र लावलं... उत्तर. खाडीची बाजू.

४:१० ला सगळे एकदम पाण्यात पडले आणि पोट वर करून तरंगायला लागले. मी चाळण काढली, तर रॉकेलचा असा भपका आला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मोलकरणीने फिनाईल वापरलं असेल, अशी शंका आली. ती त्या दिवशी आलीच नव्हती. नळाचं पाणी हुंगलं, स्वच्छ. मग बायकोवर संशय घेतला. तो तिने अजून माफ केलेला नाही.

केतकी दारात उभी होती. हात पोटावर.

"बाबा, हा हलत नाहीये."

डॉक्टरांनी तिला बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्या होत्या. त्या दुपारी बाळ सारखं हलत होतं आणि दहा मिनिटांपासून थांबलं होतं. तिला डाव्या कुशीवर झोपवलं, पाणी दिलं. रिक्षा बोलवायला मी चपला घातल्या, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "हललं!" घड्याळात ४:३५. बाथरूममध्ये गेलो. निवटे सरळ झाले होते. चौदाच्या चौदा.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. सगळं नीट होतं. ते म्हणाले, बाळं अशी झोपतात, वीस-तीस मिनिटंसुद्धा. पटलं. मग निवटे कशाने झोपले, हे विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन नाक्यावर गेलो. हिराबाईंच्या पुढ्यात निवट्यांचं टोपलं नव्हतं, नुसते सुके बोंबील. त्यांनी सांगितलं, काल दामा चिखलात असतानाच पाण्यावर पांढरा फेस आला, बोय, शिंगाळ्या, सगळी मासळी उलटी पडली. त्याने तिथूनच फोन केला होता. मी फोन बघायला मागितला. कॉल ४:१२ चा.

मी त्यांना निवट्यांचं सांगितलं – उत्तर, पोटं वर, वास, वेळा. केतकीच्या पोटातल्या बाळाचं बोललो नाही. हिराबाईंनी बादलीत बराच वेळ बघितलं आणि ती ठेवून घेतली.

वास माशांच्या अंगातून पुन्हा सुटला असेल, हे मी मान्य करतो. दिशा योगायोग म्हणू. पण नऊशे मीटरवरच्या, नळाच्या पाण्यातल्या माशांना ती वेळ कशी कळली? दोन रसायनशास्त्राच्या पदवीधरांना विचारलं. दोघांनी मलाच विचारलं, नक्की मोजलं होतं का.

नातू सुखरूप झाला, २ किलो ९००. आता चार महिन्यांचा आहे, सगळं तक्त्याप्रमाणे. तरी तो दुपारी गाढ झोपला की मी छातीवर हात ठेवून बघतो.

हिराबाई पुन्हा निवटे विकतात. पोट चालवायचं आहे. पण आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "घरान कोन पोटुशी हाय का?" हो म्हटलं की टोपलं झाकतात, कितीही विनवा. मागच्या रविवारी मी त्यांना विचारलं, मावशी, हे कधीपासून?

"तुझी बादली नेली ना, त्या दिसापासून."

केतकीच्या बाळाचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.